धर्माच्या रकान्यात सहा आकडे

२०११ च्या जनगणनेत मी पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांमध्ये प्रगणक होते. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांना ते काम येतंच. कुठल्या घरात काय लिहिलं ते कायद्याने गोपनीय असतं, त्यामुळे इथे लिहिते ते अर्जाबद्दल आणि सगळ्यांना दिसणाऱ्या पेठांबद्दल.

अर्जात धर्माच्या नावाऐवजी त्याचा ठरलेला आकडा लिहायचा, आणि असे आकडे सहाच धर्मांना होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकी कुठलाही धर्म असेल तर नाव पूर्ण लिहायचं. नाना पेठेत पारशांची अग्यारी आणि रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं, म्हणजे इकडच्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), म्हणजे इकडच्या प्रगणकाला ते पूर्ण लिहिणं चुकत नाही. बेने इस्रायल मूळचे कोकणातले. आडनावं पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आलेली आणि घरात बोलतात मराठी. त्यांच्यातल्या माझ्या ओळखीच्या एका आजींकडे मी मलिद्याचं, म्हणजे त्यांच्या प्रसादाचं, ताट पाहिलंय: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. आजींचं बोलणं ऐकलं तर कुणीही विचारेल, "अलिबागकडच्या का?"

मातृभाषेचा रकाना मला सगळ्यात आवडायचा. माणूस सांगेल तीच भाषा लिहायची, वाद घालायचा नाही. सासूची कानडी, सुनेची मराठी, तर तान्ह्या बाळापुढे आईची भाषा. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांच्या भाषा अशा एकाखाली एक येतात.

म्हणूनच "आयटी आलं आणि पुण्यात बाहेरचे भरले" हे ऐकलं की मला राग येतो. नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याच्या कॅथलिकांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरीत आली. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे वाडे गेले आणि खुद्द जुने पुणेकर गोखलेनगरला नव्याने राहायला गेले. मग आतला कोण आणि बाहेरचा कोण?

बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री असते. फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनाबाहेर झोपलेल्या माणसाला उठवून तेच प्रश्न विचारायचे. चादरीतून डोकं काढून लोक न चिडता उत्तरं देतात. बंद फ्लॅटच्या दारांपेक्षा ते काम सोपं, हे सांगताना मला वाईट वाटतं.

२०११ मध्ये शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. वाघोली, मांजरीच्या नव्या सोसायट्यांत मातृभाषेचा रकाना कसा भरतो याची मला फार उत्सुकता आहे. पुढची मोजणी २०२७ ची. प्रगणक आले की त्यांना गेटवरून परत पाठवू नका. तुमच्याकडे राहून घरकाम करणारी मुलगी असेल तर तिचं नाव सांगा, आणि तिची भाषा तिलाच सांगू द्या. पार्किंगशेजारच्या खोलीत वॉचमनचं कुटुंब राहतं, ते दारही दाखवा.