बटण बंद, तरी आरसीसीबी पडतो

मंगळवार पेठेतल्या आक्कांच्या मिसळीच्या हॉटेलातला फॉल्ट अखेर सापडला. मागच्या नोंदीत मी ग्राइंडरच्या मोटरवर संशय घेतला होता, तो चुकीचा निघाला. दोन रविवार त्यातच गेले.

तक्रार अशी होती: सकाळी चटणी वाटायला ग्राइंडर लावला की अख्ख्या किचनची लाईट जायची. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला पडणारा एमसीबी जागच्या जागी, पडायचा तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थिंगमध्ये गळाला की लाईट तोडणारा स्विच. "मोटर गेली बघ, आता नवा ग्राइंडर घ्यावा लागतोय," आक्का म्हणाल्या. पण ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग ते बॉडी १०० मेगाओहमच्या वर दाखवत होतं, म्हणजे इन्सुलेशन ठणठणीत. अशी मोटर लीक करेल कशी? मग ग्राइंडर काढून त्याच सॉकेटला घरची १००० वॅटची इस्त्री लावली. तिनंही आरसीसीबी पाडला!

इथं माझी दिशा बदलली. दोन वेगळ्या वस्तू एकाच वेळी बिघडत नाहीत. सगळे प्लग उपसले आणि इस्त्री चालू ठेवून एकेक परत लावत गेलो. कट गरम ठेवायचं २ किलोवॅटचं भांडं लावलं, आणि गेली लाईट. "अरे, ते तर आठवडाभर बंदच आहे. चालू केलं की लाईट जाते म्हणून बटणच बंद केलंय," आक्का म्हणाल्या. बटण खरंच बंद होतं, पण प्लग सॉकेटातच होता.

बोर्डावरचं साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. भांड्याच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकला असेल, तर दुसऱ्या कुठल्याही लोडचा परतीचा थोडा करंट त्या वाटेनं अर्थिंगमध्ये निघून जातो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला करंट जुळत नाही, म्हणून आरसीसीबी पडतो. लोड नसताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज जवळपास नसतंच, म्हणून एरवी सगळं शांत. मोठा लोड आला की न्यूट्रलच्या वायरीत व्होल्ट-दीड व्होल्टचा ड्रॉप येतो, आणि जोड पक्का असेल तर ३० मिलीअँपिअर व्हायला तेवढा पुरतो.

प्लग हातात घेऊन, थर्मोस्टॅट वर फिरवून मल्टीमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २७ ओहम, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉईलला साजेसं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ १.४ ओहम! या तीन आकड्यांनीच जागा सांगितली: फॉल्ट कॉईलच्या मधे नाही, न्यूट्रलच्या टोकाला आहे. खालचं झाकण उघडलं तर आत तेलकट मिठाचा थर, आणि न्यूट्रलच्या वायरीचं इन्सुलेशन उष्णतेनं कडक होऊन तडकलेलं. तांबं पत्र्याला टेकलं होतं. मला हे तीन आकडे मोटर उघडायच्या आधी घ्यायला हवे होते.

तेवढी वायर कापून उष्णता सोसणारी, काचधाग्याची स्लीव्ह घातलेली नवी वायर टाकली, कनेक्टर चिनीमातीचा. मेगरला ५० मेगाओहमच्या वर आलं. लाइनवरचं काम परवानाधारक वायरमन मामांनी केलं, मी टॉर्च धरून बाजूला.

जाता जाता: त्याच भांड्याचं १६ अँपिअरचं सॉकेट उघडलं तर फेजचा स्क्रू ढिला, प्लास्टिक तपकिरी. ०.२ ओहमचा ढिला जोड ८.७ अँपिअरला साधारण १५ वॅट उष्णता एका ठिपक्यात काढतो. सॉकेट बदललं, आणि मामांनी तिथं फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच बसवला.

ग्राइंडर जुनाच चालू आहे. पुढच्या रविवारी डीप फ्रीजरचं लीकेज मोजणार आहे. साध्या क्लॅम्प मीटरवर इतके थोडे मिलीअँपिअर दिसत नाहीत, म्हणून लीकेज क्लॅम्प मामांकडून आणायचा आहे.