काकूंचा निळा डबा

नौकेतल्या फ्रीजच्या मागच्या बाजूला बर्फ किती धरतो ते दाखवायला मी हात आत घातला आणि बोटांना डबा लागला. निळ्या झाकणाचा, घरात लोणचं ठेवतात तसा. मागच्या थंड पत्र्याला चिकटून बसला होता. ओढला तेव्हा कर्र आवाज करत सुटला.

"काकू, यात काय आहे?"

काकू काही बोलल्या नाहीत. काकांनी नकाशातून मान वर केली नाही. मग काकूच म्हणाल्या, "इन्शुलिन. बावीस वर्षं घेतेय मी."

तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तासाभरात भरती होती. आमच्या मरीनाच्या, म्हणजे नौका बांधायच्या धक्क्याच्या, खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यामुळे भरती धरूनच बाहेर पडावं लागतं. सहा आठवड्यांचं सामान भरून झालं होतं, पाण्याच्या टाक्या काठोकाठ, डिझेल भरलेलं. फक्त दोर सोडायचे बाकी होते.

मी मूळचा मालवणचा. वडील रापणीला, जाळं ओढून मासे धरायला, जायचे. गेली तेरा वर्षं थायलंडमध्ये, फुकेतला, शिडाच्या नौका भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत आहे. येणाऱ्यांना मार्ग आखून देणं, नांगर कुठे टाकायचा, वारा फिरला तर कुठे पळायचं, हे समजावून सांगणं माझं काम. कोकणातल्या माणसाला इथलं गणित लवकर कळतं, कारण पावसाळा तोच. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आपल्या मतलईसारखा, पण दिवसचे दिवस. म्हणून हिवाळ्यात नाय हार्नसारख्या पश्चिमेच्या खाड्या तळ्यासारख्या शांत असतात, आणि पावसाळ्यात तिथे लाल बावटे लागतात.

काका-काकू आमचे ग्राहक, पुण्याचे. नोकरीनिमित्त बरीच वर्षं सिंगापूरला होते, तिथेच दोघं शीड चालवायला शिकले. 40 फुटी नौका दोघांनीच चालवायची, बरोबर खलाशी नको, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. काकूंनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं की 21 मे 2018 ला नौदलातल्या सहा जणी तारिणी या शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या, तेव्हा त्या स्वागताच्या गर्दीत होत्या. "त्या दिवशी ठरवलं, लांबचा प्रवास करायचाच."

आमचा आराखडा तयार होता. पहिले दहा दिवस उत्तरेला सिमिलान आणि सुरिन बेटं, मग दक्षिणेला फी फी, लांता, रॉक ही बेटं करत थेट लीपे बेटापर्यंत. लीपेपासून मलेशियाचं लंकावी जेमतेम 25 सागरी मैल. आराखडा चांगला होता. पण तो दोन धडधाकट माणसांसाठी केलेला होता.

मी डबा टेबलावर ठेवून उघडला. आत रुमालात गुंडाळलेली, इन्शुलिन टोचायची दहा पेनं. तळातल्या चार पेनांवर हिमाचा पातळ थर होता, एकात तर द्रव थिजलेला स्पष्ट दिसत होता. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला साखरेचा त्रास होता, एवढं ठाऊक होतं: इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, आणि एकदा गोठलं की ते फेकायचं. वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी त्याचा जोर गेलेला असतो. घरातल्या फ्रीजमध्ये दारात ठेवलं की भागतं. नौकेतला फ्रीज म्हणजे वरून उघडणारी खोल पेटी, मागे एक थंड पत्रा. त्या पत्र्याला टेकलं ते गोठतं आणि वर राहिलं ते कोमट.

काकू हिशेब सांगत होत्या. दिवसाला साधारण 40 युनिट, एका पेनात 300. सहा आठवड्यांना सहा पेनं, वर चार जास्तीची. म्हणजे जास्तीची सगळी गेली होती. आणि ती गोठलेली आहेत हे कळलं नसतं तर सिमिलानला, किनाऱ्यापासून दूर, त्यांनी त्यातलंच एखादं टोचून घेतलं असतं.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज चढला माझा, तो चढायला नको होता.

"एका ठिकाणी सांगितलं होतं," काका म्हणाले. "त्यांनी नौका द्यायला नकार दिला."

यावर काय बोलणार? आमच्या अर्जात पोहता येतं का, किती मैल शीड चालवलंय, सगळं होतं. औषध कोणतं घेता, हा प्रश्न नव्हता. तो मीच विचारायला हवा होता.

ती भरती मी जाऊ दिली.

काकूंना वाटलं आता सगळं रद्द. डबा दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "मला गाळू नकोस रे. आराखडा बदल."

आधी गाडी काढून फुकेत शहरातल्या इस्पितळात गेलो. गोठल्याचा संशय असलेली चारही पेनं तिथल्या डॉक्टरांनी बाद केली, नवी लिहून दिली. सहाएक तास गेले. परत आलो तेव्हा ओहोटी पूर्ण झाली होती आणि धक्क्यालगतच्या चिखलात खेकडे फिरत होते.

मग नकाशा पुन्हा पसरला. या वेळी वाऱ्यापासून नाही, बॅटरीपासून सुरुवात केली. फ्रीज चालू असताना साधारण 5 अँपिअर ओढतो. या उष्ण हवेत तो निम्मा वेळ चालतोच, म्हणजे दिवसाला 60 अँपिअर-तास. बॅटऱ्या 300 च्या, पण त्यातल्या निम्म्याच वापरायच्या, नाहीतर त्या लवकर मरतात. सौर पट्ट्या स्वच्छ उन्हात फ्रीजपुरतं देतात. दिवे, पंखे, यंत्रसुकाणू यांचं काय? म्हणून रोज सकाळी तासभर इंजिन, ढग असोत वा नसोत. काकांनी माठाची कल्पना काढली. पण समुद्रावरच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, माठ फारसा गारवा देत नाही. मालवणच्या घरातही मे महिन्यात हाच अनुभव. शेवटी पेनांचे तीन वाटे केले. एक आमच्या कार्यालयातल्या फ्रीजमध्ये. एक नौकेच्या फ्रीजमध्ये, टॉवेलात गुंडाळून पत्र्यापासून वीतभर लांब, सोबत तापमापक. आणि वापरातलं पेन बाहेर, सावलीत. ते 30 अंशांच्या आत राहिलं तर चार आठवडे टिकतं.

मार्गही उलटा केला. पहिला आठवडा फांग-ङा उपसागरात. चुनखडीचे सरळसोट कडे, उथळ पाणी, आणि कुठेही असलात तरी दिवस मावळायच्या आत फुकेत गाठता येतं. तिथे उधाणाला पाणी तीनेक मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे नांगराची साखळी किती सोडायची याचा सराव आपोआप होतो. मग दक्षिण. रॉक ते लीपे हा साधारण 45 मैलांचा पल्ला पहाटे निघून उजेडीच संपवायचा. रात्रीचा प्रवास मी पूर्ण काढून टाकला. रात्री क्षितिजावर माकूळ पकडणाऱ्या बोटींचे हिरवे दिवे असतात, जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, आणि काकूंची साखर खाली गेली तर एकट्या काकांनी काय काय बघायचं? लीपेहून काही झालं तर पाकबाराचा धक्का, तिथून सातूनचं इस्पितळ, हे समासात लाल शाईने लिहिलं. सिमिलान फेब्रुवारीत, वारा मंदावल्यावर, दहाऐवजी चार दिवस. सुरिन वगळलं. तिथली मोकेन या समुद्रावर भटकणाऱ्या लोकांची वस्ती बघायची काकूंना फार इच्छा होती. 2004 च्या त्सुनामीत पाणी मागे हटलेलं बघून हे लोक डोंगरावर पळाले आणि वाचले. काकू थोडा वेळ नकाशावरच्या त्या बेटांवर बोट ठेवून बसल्या, मग म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी भरतीला मी त्यांच्यासोबत निघालो. चालोंगच्या उपसागरात काकूंना म्हटलं, तुम्ही आता आजारी आहात, खाली जाऊन पडा. काकांनी एकट्याने शिडं उतरवली, वाऱ्यावर तोंड धरून नांगर टाकला, रेडिओच्या 16 नंबरवर, मदत मागायच्या वाहिनीवर, काय बोलायचं ते मला म्हणून दाखवलं. पहिल्यांदा नांगर घसरला. तिसऱ्यांदा धरला. घामाने शर्ट भिजला होता त्यांचा. काकू शिडीच्या पायरीवर बसून सगळं बघत होत्या, बोलायचं नाही असं मीच बजावलं होतं. नांगर धरला तशा त्या उठल्या आणि काकांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी डिंगीने, छोट्या होडीने, किनाऱ्यावर आलो.

सहा आठवड्यांनी फ्रीजच्या तापमानाची वही परत आली. दिवसातून दोनदा तापमान, 84 नोंदी, काकूंच्या बारीक अक्षरात. बहुतेक 4 आणि 6 च्या मधे. सिमिलानच्या चार दिवसांच्या पानावर मिठाच्या पाण्याचा डाग होता. एकच नोंद 9.3 ची, आणि तिच्यापुढे कंसात: "ह्यांनी झाकण नीट लावलं नाही."