खानापूरच्या थंडीत प्रिंटर सांभाळताना

दिवाळी सरली की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मलप्रभा नदीच्या अंगानं सकाळी धुकं चढायला लागतं. घर कौलारू, खाली शहाबादी फरशी. घरात बसून मी लोकांच्या जमिनीचे उतारे, कन्नड-मराठी अर्ज आणि एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मुलांच्या सराव प्रश्नपत्रिका छापून देते, त्यामुळे प्रिंटरची तब्येत मला घरातल्या माणसाइतकीच जपावी लागते.

बऱ्याच इंकटँक (शाईच्या टाकीच्या) प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान १० ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडची थंडी सहसा त्याच्या आतच असते, म्हणजे नुसत्या गारठ्यानं यंत्र बिघडत नाही. तरी सकाळचं पहिलं पान फिकट येतं आणि माणसं घाबरून हेड क्लीनिंग सुरू करतात, एकदा, दोनदा, पाचदा. हे करू नका, एवढं मला अगदी कळकळीनं सांगायचंय. हेड म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, आणि क्लीनिंग म्हणजे त्याच्या छिद्रांतून शाई ओढून आतल्या, शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये टाकणं. महागाची शाई जाते, पॅड लवकर भरतो आणि तो भरला की प्रिंटर छापायचंच थांबवतो.

मूळ कारण साधं आहे. ही शाई बहुतांशी पाण्याची असते. गार झाली की किंचित दाट होते आणि हेडची छिद्रं केसापेक्षाही बारीक. त्यात दुपारची हवा कोरडी. आपले ओठ फुटतात तशी छिद्राच्या तोंडाशी शाई सुकते. म्हणून सकाळी कोणी घाईनं आलं, "अक्का, एवढा उतारा काढून द्या की, बस चुकंल," तरी मी म्हणते, "बसा मामा, जरा ऊन वर येऊ दे." खोली उबदार झाली की बऱ्याचदा तेच पान काळंभोर येतं. हेअर ड्रायर किंवा हीटर मात्र प्रिंटरवर धरू नये. त्या गरम हवेनं छिद्राच्या तोंडाशी शाई आणखीच सुकते.

प्रिंटर फरशीवर किंवा खिडकीच्या फटीसमोर ठेवू नका, लाकडी टेबलावर आतल्या भिंतीला ठेवा. रात्री जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टाकावा. प्लास्टिकनं गच्च झाकलं तर आतली दमट हवा आतच राहते. बंद करायचा तो त्याच्याच बटणानं, भिंतीवरच्या स्विचनं नव्हे. बटण दाबलं की हेड आपल्या जागी जातं आणि त्याच्या छिद्रांवर टोपी बसते. छापताना करंट गेला तर ते उघड्यावरच अडकतं, म्हणून करंट आल्यावर प्रिंटर चालू करून परत बटणानं बंद करायचा. आणि काम असो-नसो, दोन-चार दिवसांतून एक रंगीत पान काढायचंच.

कागदाकडे कोणी बघत नाही. धुक्याच्या दिवसांत ट्रेमध्ये रात्रभर राहिलेला कागद ओल धरतो, कडेनं वळतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. उरलेला कागद रिमच्या वेष्टनात परत घालून कपाटात ठेवावा. लेझर प्रिंटरला तर हे जास्तच लागू, कारण तिथं कागद दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखालून जातो आणि ओला असला तर पापडासारखा वळून बाहेर येतो.

शंका आली तर आधी नोझल चेकचं, म्हणजे छिद्रं तपासायचं, पान काढा. काळ्या, निळ्या, गुलाबी रेघांच्या पायऱ्या तुटल्यात का ते सहज कळतं, पण पिवळ्या पायऱ्या पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. मी त्यावर निळी पारदर्शक फाईल ठेवते. पिवळं गडद दिसतं आणि तुटलेली रेघ लगेच सापडते. मराठी मजकुरात बघायची जागा म्हणजे शिरोरेघ. एखादं छिद्र बंद असलं आणि पांढरी रेघ नेमकी तिथून गेली, की अक्षरं सुटी-सुटी लोंबायला लागतात. कन्नडमध्ये अक्षराखालचे ओत्तु (जोडाक्षराचे खाली लिहिलेले भाग) आधी तपासा, ते बारीक असतात.

पायऱ्या खरंच तुटल्या असतील तर एकदा क्लीनिंग, परत नोझल चेक, फार तर आणखी एकदा. तरीही जमलं नाही तर बटणानं बंद करून बारा तास हात लावू नका. सुकलेली शाई त्या वेळात पुष्कळदा सैल होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोली तापल्यावर, पुन्हा एक क्लीनिंग करा आणि तेव्हाही रेघ तुटकीच आली तर मेकॅनिकला बोलवा.