मागच्या सीटवर आई

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आजचं तिसरं शोरूम. परत येताना आई एवढंच म्हणाली, "अरे, गाडी घ्यायचीय की मुलगी बघायचीय?"

तिचं बरोबर आहे. इथे डेन्व्हरमध्ये शोरूम पालथी घालून दोन महिने झाले. गाडी कोणती ते पहिल्याच दिवशी ठरलं होतं: टोयोटा टाकोमा पिकअप, चार दारांची. घोडं अडलंय ट्रिमवर. साताऱ्याला दादाला फोनवर सांगताना "ट्रिम म्हणजे व्हेरियंट रे, बेस मॉडेल, टॉप मॉडेल" अशी फोड करावी लागली. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. "मग टॉपच घे की. रोज रोज घेणारेस का?" मग त्याने आपल्या बोलेरो पिकअपच्या हिशोबाने विचारलं, माल किती बसतो? म्हटलं, फार तर १,७०० पाउंड, म्हणजे पाऊण टन, तेही साध्या मॉडेलात. वरच्या महागड्या मॉडेलांत त्याहून कमी. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

या गाडीच्या ट्रिम म्हणजे जिना आहे. एसआर, एसआर५, टीआरडी स्पोर्ट, टीआरडी ऑफ-रोड, आणि असं चढत चढत थेट ट्रेलहंटर आणि टीआरडी प्रो. गंमत अशी की कुठलीही पायरी एकटी महाग वाटत नाही. एवढे घालतोच आहेस तर अजून थोडे घाल, असं करत मी ऑगस्टमध्ये एसआर५ला हात लावला आणि गेल्या आठवड्यात प्रोच्या सीटवर बसून स्टिअरिंग कुरवाळत होतो. प्रो चौसष्ट हजार डॉलरच्या आसपास. ऑफ-रोड, चारही चाकं ओढणारी घेतली तरी, साधारण वीस हजारांनी स्वस्त. वर एका शोरूमवाल्याने काचेवर दुसरा कागद चिकटवला होता: "मार्केट अ‍ॅडजस्टमेंट", पाच हजार. का, तर गाडीला मागणी आहे. नमस्कार करून बाहेर पडलो.

स्पोर्टचा निकाल लगेच लागला. तिच्या बॉनेटवर हवा आत घेणारं नाक आहे, पण ते नुसतं दिसायला. त्यातून हवा कुठेच जात नाही. आणि मला जे एकच हवंय ते मागचं डिफरेन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी सोय, तिच्यात नाही.

ते का हवंय, तर गेल्या सप्टेंबरमुळे. मित्राच्या जुन्या टाकोमातून, तीही ऑफ-रोडच, आम्ही इंजिनिअर पासला गेलो होतो. कोलोरॅडोतल्याच यूरे गावाच्या दक्षिणेला हमरस्ता सोडला की एकोणिसाव्या शतकात खाणींसाठी काढलेला रस्ता लागतो. रस्ता म्हणायचं आपलं. सुरुवातीलाच खडकाच्या पायऱ्या आहेत, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. एका पायरीवर गाडी तिरकी झाली आणि मागचं डावं चाक अधांतरी लटकलं. मित्राने थोडं अ‍ॅक्सिलरेटर दिलं, तर ते लटकलेलं चाकच भणाभणा फिरायला लागलं, आणि ज्या चाकाखाली खडक होता ते गप्प. साध्या डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा, हाच स्वभाव. ज्याच्या पायाखाली जमीन नाही, तोच नाचतो.

मित्र घाबरला नाही. गाडी ४एलमध्ये, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त अशा लो रेंजमध्ये होतीच. त्याने थांबून एक बटण दाबलं. समोर नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. गाडी हातभर सरकली, आतून "टक्" झालं आणि दिवा स्थिर झाला. आता मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, कुणाखाली काय आहे त्याचा प्रश्नच नाही. गाडी वर आली, अगदी सावकाश, म्हशीसारखी. पुढे त्याने क्रॉल कंट्रोलही दाखवलं. त्यात पाय दोन्ही पेडलवरून काढायचे, गाडी आपली आपण रांगते. आवाज मात्र असा की खाली कुणीतरी पत्रा कापतंय. ते नसलं तरी चालेल मला. ती "टक्" हवी.

१२,८०० फुटांवर पोचलो तेव्हा गाडीला धाप लागली होती, मलाही. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्के कमी होते. वर पोचेपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त गेलेली असते. जुन्या व्ही६ची २७८ हॉर्सपॉवर आणि नव्या २.४ लिटर टर्बोचीही २७८, आकडा तोच, पण टर्बो विरळ हवेतही बरीचशी ताकद टिकवतो, म्हणून आमच्यासारख्या उंचीवर राहणाऱ्यांना फरक पडतो. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट. कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आम्ही रोज कोथिंबीर आणायला जातो.

आणि हा टर्बो ऑफ-रोडमध्येही आहे. प्रोमध्ये त्याच्या जोडीला हायब्रिड मोटर, ३२६ हॉर्सपॉवर, फॉक्स कंपनीचे शॉक्स (धक्के शोषणारे), ३३ इंची टायर. वाळवंटात साठच्या वेगाने उड्या मारायच्या असतील तर पैसे वसूल आहेत. मी मारणार आहे का उड्या?

म्हणून आज जेवणानंतर हीच वही काढली आणि मागचं वर्षभर चाळलं. डांबर सोडून गेलो ते दिवस अकरा. त्यातले नऊ आमच्या साध्या गाडीने, खडखडत का होईना, निभावले. लो रेंज लागली ते दिवस दोन, आणि दोन्ही वेळा गाडी मित्राची. बाकी साडेतीनशे दिवस ऑफिस, कॉस्टको आणि लेकीचा पोहण्याचा क्लास.

मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणाली, "हे मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं." सांगितलं होतं. वहीत नव्हतं एवढंच.

रविवार, दुपार

खरं तर निकाल आईने कालच लावला होता, मला आज कळलं. प्रोच्या पुढच्या सीटांच्या पाठीतच हवेचे छोटे शॉक्स बसवलेत, खडबडीत रस्त्यावर डोकं हलू नये म्हणून. वस्तू भारी आहे. पण त्यामुळे सीटची पाठ चांगलीच जाडजूड. मी पुढे बसून डोकं स्थिर ठेवण्याचा आनंद घेत होतो, आणि आई मागे गुडघे एका बाजूला वळवून, एसटीत बाजूला कुणाचं तरी बोचकं असल्यासारखी बसली होती. काही बोलली नाही. आज पोळी लाटताना म्हणाली, "त्या निळ्या गाडीत माझे पाय बरे मावले." निळी म्हणजे ऑफ-रोड.

चढायचं कसं, हा तिचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. पायरी लावून घ्यायची तर खडकावर तीच आधी आपटणार. तिनेच तोडगा काढला: गॅरेजमधलं घडीचं स्टूल मागच्या सीटखाली ठेवायचं. हायब्रिड नसल्याने तिथे बॅटरी नाही, जागा मोकळी आहे. आत्ता टेप घेऊन स्टूल मोजून आलो. घडी केल्यावर दीड इंच जाडी. उद्या शोरूमला फोन करून सीटखालची उंची विचारायची आहे. तिथला माणूस हसेल बहुतेक.