मिठाची वात आणि लाल रिबीन

माझी बॅच १९९१ ची, दहावी ब. मनोगत पाठवा म्हणून ग्रुपवर सारखे मेसेज येत होते पण मी काय बक्षीसवाला विद्यार्थी नव्हतो, त्यामुळं लिहायचं काय हाच प्रश्न. मग मिठाची गोष्ट आठवली.

नववीत सायन्सच्या सरांनी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर मीठ चोळलं आणि पेटवला. ज्योत पिवळीजर्द. पुढच्या बाकावरच्या मुलीची लालभडक रिबीन एकदम काळपट, माझ्या खिशावरचा निळ्या शाईचा डाग पण काळा, आणि आम्ही सगळे कावीळ झाल्यासारखे. सर म्हणाले, "अरे या उजेडात लाल आहेच कुठं, मग रिबीन तुला तो देणार कुठनं?" मिठातल्या सोडियमचा उजेड म्हणजे निव्वळ पिवळा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. पाठ केलं, परीक्षेत आलं नाही, विसरलो.

पुढं इचलकरंजीत प्रोसेसला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात लागलो, शेड मॅचिंगला, म्हणजे गिऱ्हाईकाच्या सॅम्पलशी रंग जुळवायला. एकदा रात्रपाळीत ट्यूबखाली खाकी लॉट सॅम्पलशी डिट्टो जुळवला आणि खुशीत घरी गेलो. सकाळी उन्हात धरलं तर सॅम्पल खाकी आणि आमचं कापड हिरवट! अख्खा लॉट परत. सॅम्पलमधले रंग वेगळे, आमच्या रेसिपीतले वेगळे, असं असलं की एका उजेडात जुळलेलं दुसऱ्यात फुटतं. मेटामेरिझम हा शब्द मी पुस्तकात नाही, बोलणी खाताना शिकलो.

आता लाईट बॉक्स आहे, आतून करडा. कापड ठेवायचं आणि एकेक बटण दाबायचं, डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, ६५०० केल्विन, टीएल८४ म्हणजे दुकानातली ट्यूब, ४००० च्या आसपास, आणि ए म्हणजे जुना पिवळा बल्ब, २८५६. तिन्हीत जुळलं तरच पास. आमच्या सौ. मात्र बॉक्सबिक्स मानत नाहीत, साडी आणि ब्लाऊजपीस घेऊन सरळ मॅचिंग सेंटरच्या बाहेर उन्हात, मागं दुकानदार. बरोबरच आहे त्यांचं, फक्त रात्रीच्या रिसेप्शनला हॉलच्या पिवळ्या लाईटीत तेच ब्लाऊज वेगळं दिसलं की बोल मला बसतो.

मागच्या आठवड्यात लॅबमधल्या नव्या पोरांना लाईट घालवून मिठाची वात दाखवली. रिबीन कुठली आणणार, लाल लॅब-डिपचा, म्हणजे लॅबमध्ये नमुन्याला रंगवलेल्या कापडाचा तुकडा धरला. एक पोरगं लगेच म्हणालं, "साहेब, ह्यात ब्लॅक किती टक्के घातलंय?"