चोवीस जानेवारीचं नागपूर

विदर्भ एक्सप्रेसने सकाळी नागपूरला उतरलो. आमच्या वसईत जानेवारीतही दुपारी पंखा लागतो. इथे फलाटावर माणसं कानाला मफलर गुंडाळून चहा पीत होती. तारीख २४ जानेवारी, संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. नागपूरचं कॅथेड्रल, म्हणजे इथलं मुख्य चर्च, त्यांच्या नावाचं. हा सण एकदा तिथेच करायचा, असं बऱ्याच वर्षांपासून मनात होतं.

कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाल्ले आणि ऑटोवाल्या दादांना म्हटलं, "एसएफएस." त्यांनी विचारलं, "शाळेत का कॉलेजात?" एसएफएस म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स. त्यांच्या नावाची शाळा आणि कॅथेड्रल सदरच्या बाजूला, कॉलेज सेमिनरी हिल्सवर. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संध्याकाळी होती, म्हणून आधी टेकडीवर गेलो.

सेमिनरी हिल्सवर नागपूरकर सकाळी फिरायला येतात, मुलांना घेऊन बालोद्यानात येतात. टेकडीला हे नाव मिळालं ते सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे. धर्मगुरू होऊ पाहणारी मुलं इथे शिकतात. हे संत चार्ल्स बोरोमिओ मिलानचे आर्चबिशप. धर्मगुरूंना नीट शिक्षण मिळावं म्हणून सेमिनरी उभ्या करण्यात त्यांचा मोठा वाटा. १५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला, अधिकारी शहर सोडून निघून गेले, हे मात्र तिथेच राहिले. उपाशी लोकांना जेवू घालण्यासाठी घरातल्या चीजवस्तू विकल्या. १५८४ साली ३ नोव्हेंबरच्या रात्री ते गेले, वय अवघं शेहेचाळीस. सण ४ नोव्हेंबरला.

संतांच्या तारखांचा मला लहानपणापासून नाद आहे. आमच्याकडे संताचा सण सहसा त्याच्या जन्मदिवशी येत नाही, तो देह ठेवतो त्या दिवशी येतो. तोच त्याचा स्वर्गातला जन्म. विदर्भात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ताजबागचा उर्स बाबा ताजुद्दीन यांच्या पुण्यतिथीलाच भरतो, आणि ऋषिपंचमीला शेगावला कशासाठी जायचं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पण फ्रान्सिस डी सेल्स वारले २८ डिसेंबर १६२२ रोजी, फ्रान्समधल्या ल्यों शहरात. मग सण जानेवारीत कसा? २८ डिसेंबर हा दिवस फार आधीपासून बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा, हेरोद राजाने मारलेल्या कोवळ्या जिवांचा. म्हणून यांना पुढची तारीख मिळाली. १६६६ पासून तीनशे वर्षं २९ जानेवारी होती. १९६९ साली रोमने कॅलेंडर नव्याने लावलं, तेव्हा २४ जानेवारी ठरली. याच दिवशी त्यांना फ्रान्समधल्या ॲनसीच्या मातीत ठेवलं होतं.

आमच्या गोन्सालो गार्सियांचंही असंच. वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. पण ५ फेब्रुवारी संत आगाथाची, म्हणून त्यांचा सण ६ तारखेला. आधी आलेल्याला जागा द्यायची आणि आपण पुढच्या दिवशी सरकायचं, ही संतांमधली रीत मला फार आवडते.

मी लिहिणारा माणूस, म्हणून फ्रान्सिस डी सेल्स मला विशेष जवळचे. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात गेले. तिथली माणसं प्रोटेस्टंट झालेली. कुणी दार उघडेना, प्रवचनाला कुणी फिरकेना. तेव्हा ते आपलं म्हणणं कागदावर लिहायला लागले आणि ती पानं लोकांच्या दाराखालून आत सरकवायला लागले. भाषा सौम्य, कुणाचा अपमान नाही. १९२३ साली पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं, ते या कागदांमुळेच. एका मुक्या-बहिऱ्या माणसाला हातांच्या खुणांनी प्रभूची ओळख करून दिली, म्हणून मूकबधिरांचेही आश्रयदाते तेच. बंद दार आणि बंद कान, दोन्हीकडे त्यांनी वाट शोधली. मला तर त्यांचं सगळं मोठेपण इथेच दिसतं.

ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. १८३८ साली ॲनसीत त्यांच्या नावाचा मिशनरी संघ निघाला. १८४५ साली त्यातले काही जण भारताकडे निघाले. आधी विशाखापट्टणम, मग नागपूर. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला.

संध्याकाळी कॅथेड्रलमध्ये बाकाच्या टोकाला जागा मिळाली. फादरांनी पांढरी वस्त्रं घातली होती. मला क्षणभर चुकल्यासारखं झालं, कारण गोन्सालोंच्या सणाला वेदीवर लाल रंग असतो, हुतात्म्यांचा. फ्रान्सिस अंथरुणावर शांतपणे गेले, त्यांना पांढरा. प्रवचनात शाब्लेचे कागद आलेच.

मिस्सा सुटल्यावर शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठून आले जी तुम्ही?"

"वसईहून, आजी. खास आजच्या सणासाठी."

"इतक्या दुरून! एकटेच आले?" त्यांनी पर्समधून दोन संत्री काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांचा स्वतःचा नामदिवस, म्हणजे ज्या संताचं नाव त्यांना ठेवलं त्या संताचा सण, तीनच दिवसांपूर्वी झाला होता, २१ जानेवारीला. रोममध्ये बारा-तेरा वर्षांच्या वयात जीव दिलेल्या संत ॲग्नेसचा दिवस. मग त्यांनी आमच्या संताची तारीख विचारली. मी ६ फेब्रुवारी म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं.

"म्हणजे तेरा दिवस राहिले. माझ्याकडून एक मेणबत्ती लावजा तिथं."

पैसे काढायला त्यांनी पुन्हा पर्स उघडली. मी नको म्हणत होतो, तरी दहाची नोट त्यांनी माझ्या खिशात घातलीच.