दादा बरोबर होता

दादाची माफी मागायची राहिली होती, त्याची ही पोस्ट. कमीत कमी दहा वर्षं मी त्याला सांगत आलोय की तुला नीट आठवत नाहीये.

भांडण एका सीनवरचं. १९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स', त्यातला स्मगलर हान सोलो कँटिनात, म्हणजे बारमध्ये, टेबलाशी बसलाय, समोर त्याला पकडायला आलेला हिरवा परग्रहवासी ग्रीडो पिस्तूल रोखून बसलाय. दादाने हा पिक्चर लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर बघितलेला, इतक्या वेळा की शेवटी शेवटी टेपवर रेघा यायला लागल्या होत्या, आणि त्याचं म्हणणं असं की हान बोलता बोलता टेबलाखालून गोळी घालतो, ग्रीडोला चान्सच मिळत नाही. मी तो बघितला डीव्हीडीवर. माझ्या डीव्हीडीत ग्रीडो पण गोळी झाडतो, एवढ्या जवळून नेम चुकवतो, आणि मग हान त्याला मारतो. मी डिस्क लावली, पॉज करून दादाला दाखवलं, बघ. तो दोनदा मागे घेऊन बघत राहिला आणि मग म्हणाला, असेल रे, मलाच चुकीचं आठवत असेल. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता.

नंतर खूप उशिरा कळलं की १९९७ साली 'स्पेशल एडिशन' म्हणून पिक्चर परत थिएटरला आला तेव्हा हा सीनच बदलला होता. कॉम्प्युटरवर काढलेले प्राणी घातले, नवीन सीन घातले, आणि ग्रीडोच्या पिस्तुलातून आधी गोळी सुटलेली दाखवली. २००४ च्या डीव्हीडीत दोन्ही गोळ्या जवळजवळ एकदम आणल्या. २०११ च्या ब्लू-रेत पुन्हा थोडी काटछाट. २०१९ ला स्ट्रीमिंगवर आला तर ग्रीडोच्या तोंडात एक नवाच शब्द. म्हणजे दादाने जे बघितलं होतं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त ते कुठेच विकत मिळत नव्हतं आणि मी नवीन डिस्क पुढे करून त्याला खोटं पाडत होतो. मला या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त लागलं. एखादा पिक्चर गुपचूप बदलला आणि जुना बाजारातून काढून घेतला की ज्यांनी तो बघितलाय त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो.

अगदीच मिळत नव्हता असं नाही म्हणा. २००६ मध्ये डीव्हीडीच्या सेटमध्ये एक जादाची डिस्क म्हणून मूळ पिक्चर दिला होता, पण तो १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या डिस्क) बनवलेल्या मूळ टेपवरून उचललेला, नॉन-अ‍ॅनामॉर्फिक, म्हणजे मोठ्या टीव्हीवर लावला की चारी बाजूंनी काळी चौकट आणि मधे धुरकट चित्र. अधिकृतरीत्या डीव्हीडीवर मिळालेलं मूळ रूप तेवढंच. आणि ज्या माणसाने हे बदल केले त्या जॉर्ज लुकसनेच, म्हणजे पिक्चरच्या डायरेक्टरनेच, १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन जुन्या पिक्चरांत फेरफार करण्याविरुद्ध, ब्लॅक अँड व्हाइटला रंग फासण्याविरुद्ध साक्ष दिली होती, आणि ती साक्ष खरंच फार कळकळीची आहे, मिळाली तर वाचा. मला त्याचा राग नाही येत. पिक्चर त्याने बनवलाय, त्याला हवं तेवढं त्याने बदलावं. फक्त जुना पण शेजारी ठेवायचा ना, एवढंच.

तर ते काम मग फॅन लोकांनी अंगावर घेतलं.

चेक प्रजासत्ताकातला एक जण, नेटवर सगळे त्याला हार्मी म्हणतात, त्याने साधारण २०१० पासून 'डीस्पेशलाइज्ड एडिशन' करायला घेतली. ब्लू-रेचं चित्र स्वच्छ पण बदललेलं, २००६ च्या डिस्कचं चित्र धुरकट पण मूळ, कुठे टीव्हीवर आलेली एचडी कॉपी, कुठे फिल्मच्या स्कॅनचा तुकडा, असं सगळं जमवून एकेक शॉट शिवत गेला. कधी कधी एका फ्रेममध्येच अर्धं चित्र एकीकडून आणि अर्धं दुसरीकडून. नवीन घातलेला प्राणी पुसायचा आणि त्याच्या मागची भिंत दुसऱ्या सोर्सवरून आणून बसवायची, आणि ती भिंत बसली आहे हे कुणाला कळताही कामा नये. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला एकही जोड दिसला नाही. सुरुवातीच्या त्या वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या अक्षरांत 'एपिसोड चार' असं काही लिहिलेलंच नव्हतं, ते १९८१ च्या री-रिलीजला घातलंय, आणि मी ते बघून खुर्चीत सरळ बसलो.

पण मला मनापासून आवडतो तो दुसरा रस्ता. 'टीम निगेटिव्ह वन' नावाचा ग्रुप आहे, त्यांनी शिवणकाम जवळजवळ टाळलंच, सरळ १९७७ ची ३५ एमएमची थिएटर प्रिंट मिळवली आणि फोर-केमध्ये, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याने, स्कॅन केली. त्याचं नाव 'फोर-के-सेव्हंटी-सेव्हन'. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या काळातल्या बहुतेक रंगीत प्रिंट ईस्टमनकलर पद्धतीच्या, त्यातला निळा आणि पिवळा रंग वर्षागणिक उडत जातो आणि शेवटी सगळा पिक्चर गुलाबी होतो, आकाश गुलाबी, चेहरे गुलाबी, सावल्या पण गुलाबी. टेक्निकलरची डाय-ट्रान्सफर प्रिंट मात्र वेगळी, तिथे रंग फिल्मवर छापतात, छापखान्यात छापावेत तसे, एकावर एक तीन, आणि ते रंग टिकतात. अमेरिकेतलं हे काम १९७७ पर्यंत बंद पडलं होतं पण लंडनचा प्लांट अजून चालू होता, त्यामुळे या पिक्चरच्या थोड्या प्रिंट त्या पद्धतीने निघाल्या. पुढच्याच वर्षी तोही बंद झाला. थोडक्यात हुकलं असतं. २०२५ च्या जूनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्यांच्या फेस्टिव्हलला अशीच एक मूळ प्रिंट पडद्यावर लावली आणि लोकांनी तिकिटांवर अक्षरशः उड्या टाकल्या.

आता प्रिंट म्हणजे काही निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यात भरलेली मूळ फिल्म, नाही. निगेटिव्हवरून मधली कॉपी, तिच्यावरून आणखी कॉपी, आणि मग थिएटरची प्रिंट, प्रत्येक पायरीला बारकावे थोडे कमी होतात, कॉन्ट्रास्ट वाढतो. म्हणून स्टुडिओ रिस्टोरेशन करताना निगेटिव्हकडे जातो आणि ते बरोबरच आहे. पण प्रिंटमध्ये एक गोष्ट असते जी निगेटिव्हमध्ये नसते, त्या दिवशी थिएटरात बसलेल्या लोकांना नेमके कुठले रंग दिसले, अंधार किती काळा दिसला, ते. निगेटिव्हवरून रंग कुठलेही काढता येतात. मी हे आधी मानत नव्हतो, मला वाटायचं की जास्त स्पष्ट म्हणजे जास्त चांगलं, पण आता माझं मत बदललंय.

काम किती असतं याचा नुसता हिशोब करा. १२१ मिनिटांचा पिक्चर, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,७४,२४० फ्रेम, आणि प्रत्येकीवर धूळ, ओरखडे, केस. एकापेक्षा जास्त प्रिंट हाताशी असतील तर एक सुंदर युक्ती आहे, ओरखडा प्रत्येक प्रिंटवर वेगळ्या जागी असतो पण चित्र तेच, त्यामुळे त्या एकमेकींवर बसवून तुलना केली की जे फक्त एकीवर आहे ते कचरा आणि जे सगळ्यांवर आहे तो पिक्चर. पण बसवायच्या म्हणजे काय, प्रत्येक प्रिंट वेगळी आकसलेली असते, वेगळी हलत असते.

मी स्वतः एकदा करून बघितलं. कॉपीराइट संपलेल्या एका जुन्या पिक्चरचा स्कॅन होता, त्यातला चार सेकंदांचा शॉट घेतला, ९६ फ्रेम. आधी ऑटोमॅटिक फिल्टर लावला, जो एकाच फ्रेममध्ये दिसून गायब होणारा प्रत्येक ठिपका धूळ समजून पुसतो. शॉट एकदम चकचकीत झाला. दुसऱ्या दिवशी परत बघितला तेव्हा लक्षात आलं की त्यातला माणूस काडी पेटवतो आणि काडीच्या ठिणग्या गायब आहेत, फिल्टरने धुळीबरोबर ठिणग्या पण पुसल्या होत्या. मग सगळं रद्द करून हाताने केलं, एकेक फ्रेम, धूळ कुठली आणि ठिणगी कुठली हे बघत बघत, अख्खा रविवार गेला. त्या दिवसापासून कुठलाही जुना पिक्चर 'एकदम नव्यासारखा' झालाय असं कुणी म्हटलं की मी आधी पाऊस, ठिणग्या आणि उडणारे पक्षी तपासतो.

ग्रेनचं पण तेच. लोकांना वाटतं पडद्यावर वळवळणारे ते बारीक कण म्हणजे घाण, पण चित्र मुळात त्या कणांचंच बनलेलं असतं, ते घासून काढले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कापडाचा पोत, सगळं जातं आणि माणसं मेणाची दिसायला लागतात. फॅन लोकांनी 'फोर-के-सेव्हंटी-सेव्हन' ग्रेनसकट पण दिला आणि ग्रेन कमी करून पण दिला, हे मला फार आवडलं. ज्याला जो हवा तो घ्या.

आता एआयवाले अपस्केल, म्हणजे मशीनने चित्र मोठं आणि स्पष्ट करणं, सगळीकडे आलेत. ल्युमिए बंधूंची स्टेशनात येणारी आगगाडी, १८९६ ला दाखवलेली, जेमतेम ५० सेकंदांची, ती २०२० मध्ये कुणीतरी फोर-के आणि साठ फ्रेमची करून टाकली आणि ती प्रचंड फिरली. मी पण थक्क होऊन बघितली. पण तिथे दर सेकंदाला कितीतरी फ्रेम अशा आहेत ज्या कुठल्या कॅमेऱ्यात कधी पडल्याच नव्हत्या, मशीनने दोन फ्रेमच्या मधे काय असावं याचा अंदाज बांधून त्या काढल्यात. अंदाज म्हणून बघायला हरकत नाही, पण त्याला रिस्टोरेशन म्हणू नका, कृपा करून. ज्याला आपण रिस्टोअर म्हणतो त्यात भर घालायची नसते.

री-एडिट ही वेगळी भानगड आहे आणि मला त्यांच्याबद्दल पण प्रेम आहे. तिथे फॅन सरळ सांगतो की हा मी कापलाय. 'द फँटम एडिट' सगळ्यांना माहीत असेलच, १९९९ च्या 'स्टार वॉर्स: एपिसोड वन'मधली साधारण अठरा-वीस मिनिटं कुणीतरी कमी केली आणि ते आधी व्हीएचएसवर हातोहात पसरलं. मला तो तेवढा जमलेला वाटत नाही, कापलं म्हणून गोष्ट बदलत नाही, पण कापणाऱ्याने प्रत्येक संवादाचा विचार केलाय हे जाणवतं. स्टीव्हन सोडरबर्गने २०१४ मध्ये 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' अख्खा ब्लॅक अँड व्हाइट करून, मूळ आवाज काढून टाकून, खाली दुसरंच संगीत लावून आपल्या साइटवर टाकला होता, का तर फक्त शॉट कसे रचलेत आणि माणसं फ्रेममध्ये कुठून कुठे जातात हे बघता यावं म्हणून. एवढा मोठा डायरेक्टर, आणि काम फॅनचं.

आणि मग 'द थीफ अँड द कॉबलर'. याच्याबद्दल लिहिताना मला अजूनही वाईट वाटतं. रिचर्ड विल्यम्सने १९६४ मध्ये हा अ‍ॅनिमेशनपट सुरू केला, जवळजवळ तीस वर्षं हाताने काढत राहिला, आणि १९९२ मध्ये पूर्ण व्हायच्या आधीच तो त्याच्या हातातून काढून घेतला गेला. दुसऱ्यांनी घाईघाईत गाणी घालून पूर्ण केला, अमेरिकेत १९९५ ला आला तेव्हा तर जी मुख्य पात्रं जवळजवळ बोलतच नाहीत त्यांच्या तोंडी अखंड बडबड घातलेली. एका फॅनने, तोही फिल्ममेकर, २००६ मध्ये 'रीकॉबल्ड कट' केला. विल्यम्सच्या अर्धवट वर्कप्रिंटची (काम चालू असतानाच्या कच्च्या प्रतीची) धूसर कॉपी, रिलीज झालेल्या पिक्चरमधले चांगले शॉट, आणि जिथे काहीच नाही तिथे पेन्सिलची स्केचेस आणि स्टोरीबोर्ड. नंतर फिल्मचे तुकडे मिळत गेले तसा तो परत परत केला. तुम्ही बघत असता आणि मधेच रंग जातात, नुसती पेन्सिलची रेघ धावते, मग पुन्हा रंग. याला री-एडिट म्हणायचं की रिस्टोरेशन हे मला ठरवता येत नाही. पण विल्यम्सच्या मनात काय होतं ते मला अधिकृत डिस्कने नाही, या कटने दाखवलं.

कायद्याच्या बाजूने यातलं बरंचसं बसत नाही हे मान्य. म्हणून या लोकांचा स्वतःचा नियम असतो, पैसे घ्यायचे नाहीत आणि अधिकृत डिस्क आधी विकत घ्यायची. मी दोन्ही पाळतो. पण एक सांगतो, 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचे १९२७ मध्ये कापलेले सीन २००८ मध्ये ब्यूनस आयर्सला १६ एमएमच्या एका कॉपीत सापडले, आणि ती कॉपी एका समीक्षकाच्या खाजगी संग्रहातून आली होती. जर्मनीत सगळे ऐंशी वर्षं ते सीन गेले असंच धरून चालले होते.

तर मागच्या आठवड्यात दादा आला होता. काही न सांगता मी त्याला १९७७ चा पिक्चर लावून दिला, प्रिंटवरचा, ग्रेनसकट. कँटिनाचा सीन आला, टेबलाखालून एक गोळी, धूर, ग्रीडो आडवा. दादा काहीच बोलला नाही. मी म्हटलं, दादा, सॉरी, तुला बरोबर आठवत होतं. तो म्हणाला थांब, मागे घे जरा. तीनदा बघितला.

मग पिक्चर संपल्यावर चहा पिताना म्हणाला, अजून एक आहे, आणि एका दुसऱ्याच पिक्चरमधला सीन सांगायला लागला, पाऊस, एक जिना, वर खिडकीत दिवा, जो आता मिळणाऱ्या कुठल्याच कॉपीत नाही. याआधी हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. मी वही काढली आणि त्याला म्हटलं, सुरुवातीपासून सांग, सावकाश.